मेंदूतील जागल्या

पूर्वी महाराष्ट्रातील अनेक खेड्यांत जागल्या नावाचा एक गावकामगार असे. दिवे मालवले गेले, दारांना कड्या लागल्या आणि सारे गाव निजले, की हातात काठी घेऊन तो गस्तीस निघे. जागल्याने शेत नांगरावे, कापड विणावे किंवा दुकान मांडावे अशी कोणाची अपेक्षा नसे. स्वतः जागे राहावे आणि प्रसंग पडताच गावास जागे करावे, एवढेच त्याचे काम. परंतु मध्यरात्री एखाद्या गंजीला आग लागली, तर त्याच्या आरोळीसरशी घरोघरची माणसे उठत. कोणी विहिरीकडे धाव घेई, कोणी गुरांची दावी सोडी, कोणी मुलांना बाहेर काढी. प्रत्येकजण आपापल्या परीने झटे. पण त्या सर्वांना एकाच वेळी कामास लावणारा आवाज एका माणसाचा असे.

मानवी मेंदूतही असा एक जागल्या आहे. तो काही पाहत नाही की ऐकत नाही. गणिते सोडवीत नाही की पाठांतरही करीत नाही. ही सर्व कामे मेंदूचे इतर भाग करतात. मात्र ते भाग जागे आहेत की पेंगत आहेत, एकाग्र आहेत की भरकटले आहेत, हे बऱ्याच अंशी या एका लहानशा भागावर अवलंबून असते. शास्त्रज्ञ त्यास ‘लोकस सेरुलियस’ म्हणतात. या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘निळी जागा’ असा आहे. मराठीत त्यास ‘नीलस्थान’ म्हणता येईल.

नीलस्थान कोठे असते हे समजण्यासाठी मेंदूची रचना थोडक्यात पाहिली पाहिजे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते. कवटीतील बहुतेक जागा वळ्यावळ्यांच्या मोठ्या मेंदूने व्यापलेली असते. विचार, स्मृती, भाषा, दृष्टी यांची केंद्रे त्यात आहेत. त्याच्या खाली, मागील बाजूस, लहान मेंदू असतो; शरीराचा तोल आणि हालचालींतील सफाई तो सांभाळतो. या दोहोंना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी जोडणारा जो जाडसर भाग, तो मस्तिष्कस्तंभ होय. फ्लॉवरचा गड्डा जसा आपल्या देठावर बसलेला असतो, तसा मोठा मेंदू या स्तंभावर बसलेला असतो. देठ आकाराने लहान खरा; पण श्वासोच्छ्वास, हृदयाची गती, गिळणे यांसारखी प्राणधारणेची कामे तेथूनच चालतात.

मस्तिष्कस्तंभाचे तीन भाग आहेत. वर मध्यमस्तिष्क, मध्ये सेतू आणि खाली लंबमज्जा. सेतूच्या मागील बाजूस, लहान मेंदूच्या पुढे, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली एक पोकळी आहे. या पोकळीच्या तळाशी, वरच्या टोकाजवळ, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी नीलस्थानांची जोडी असते. प्रत्येक नीलस्थान सुमारे दीड सेंटिमीटर लांब आणि जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर रुंद असते. उदबत्तीचा दीड सेंटिमीटर लांबीचा तुकडा मोडून हातावर घेतला, तर त्याच्या आकाराची कल्पना येईल.

पेशींच्या संख्येने पाहिले, तर हा भाग आणखीच लहान वाटतो. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. दोन्ही नीलस्थानांतील मज्जापेशी मिळून मात्र केवळ पन्नास हजारांच्या आसपास भरतात. सुमारे सतरा लाख पेशींमागे एक पेशी, असे हे प्रमाण झाले. सतरा लाख वस्तीच्या शहरास एकच जागल्या असावा, तशी ही स्थिती आहे.

एवढा चिमुकला भाग शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला, तो त्याच्या रंगामुळे. फेलिक्स व्हिक दाझिर हा अठराव्या शतकातील नामांकित फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ व वैद्य होता. इ. स. १७८६ च्या सुमारास मेंदूचे छेद घेऊन त्यांचे बारकाईने निरीक्षण करताना त्यास हा निळसर पट्टा आढळला. पुढे १८१२ मध्ये योसेफ व कार्ल व्हेंट्सेल या जर्मन बंधूंनी त्यास ‘लोकस सेरुलियस’ हे नाव दिले. जागा सापडली, नाव मिळाले; परंतु ती जागा तेथे कशासाठी आहे, हा प्रश्न पुढे दीडशे वर्षे तसाच राहिला.

रंगाचे कोडे मात्र उलगडण्यासारखे होते. येथील पेशींत एक काळसर रंगद्रव्य असते. लहानपणी ते फार थोडे असते आणि वयाबरोबर साठत जाते. मूळचे काळसर द्रव्य निळे का दिसावे, असा प्रश्न साहजिकच पडेल. हातावर गोंदताना काजळीचा काळा रंग त्वचेखाली भरतात. पण गोंदण निळसर-हिरवट दिसते. कारण वरच्या त्वचेच्या थरातून येताना प्रकाश विखुरला जातो. नीलस्थानाचेही तसेच आहे. मेंदूच्या पातळ थराआडून पाहिल्यामुळे आतील काळसर रंग निळा भासतो.

आता खरा प्रश्न उरला, तो कार्याचा. माणूस जागा कशामुळे राहतो? पूर्वी अशी समजूत होती, की डोळे, कान, त्वचा इत्यादी इंद्रियांकडून मेंदूकडे सतत संवेदना येत राहतात, म्हणून मेंदू जागा असतो. आणि संवेदना थांबल्या, की त्यास आपोआप झोप लागते. या समजुतीस १९४९ साली धक्का बसला. इटलीचे ज्युसेप्पे मोरुझ्झी आणि अमेरिकेचे होरेस मॅगून यांनी गुंगीतील मांजराच्या मस्तिष्कस्तंभाच्या गाभ्यास सौम्य विद्युत्प्रवाह दिला. तत्क्षणी मोठ्या मेंदूतील निद्रेच्या संथ लहरी नाहीशा होऊन जागृतीच्या जलद लहरी दिसू लागल्या. इंद्रियांकडून कोणतीही नवी वार्ता आली नव्हती. मेंदूस जागे करणारी व्यवस्था मस्तिष्कस्तंभातच आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले. परंतु त्या गाभ्यात नाना प्रकारच्या पेशींची गर्दी असते. त्यांतील नेमके कोण काय करते, हे विजेच्या साहाय्याने कळण्यासारखे नव्हते. त्याचे उत्तर रसायनशास्त्राच्या वाटेने आले.

एक मज्जापेशी दुसऱ्या मज्जापेशीला संदेश देते, तो बहुधा एखाद्या रासायनिक द्रव्याच्या द्वारा देते. पहिल्या पेशीच्या तंतूतून ते द्रव्य बाहेर पडते आणि दुसऱ्या पेशीस उत्तेजित करते किंवा शांत करते. अशा द्रव्यांपैकी एकाचे नाव नॉरॲड्रेनॅलिन असे आहे. भीती वाटली असता छाती धडधडते व हातपाय थरथरतात. त्यास कारणीभूत होणाऱ्या ॲड्रेनॅलिन या द्रव्याचे ते सख्खे भावंड होय. शरीरातील काही मज्जातंतू नॉरॲड्रेनॅलिनच्या द्वारा आपले संदेश देतात, हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली दाखवून दिले. मज्जातंतूंच्या रासायनिक संदेशांविषयीच्या संशोधनाबद्दल १९७० मध्ये त्यांना आणखी दोघा शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

हे द्रव्य प्रत्यक्ष मेंदूत असते काय? मार्थे फोग्ट या विदुषीने १९५४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर दिले. त्यांचा जन्म बर्लिन येथे झाला होता. पुढे जर्मनी सोडून त्या ब्रिटनमध्ये संशोधन करीत होत्या. मेंदूच्या निरनिराळ्या भागांत नॉरॲड्रेनॅलिनचे प्रमाण निरनिराळे असते, असे त्यांनी मोजून दाखविले. ते सर्वत्र सारखे नाही, याचा अर्थ ते केवळ रक्ताबरोबर वाहत आलेले नाही. मेंदूला त्याचा काही विशेष उपयोग असला पाहिजे.

ते कोणत्या पेशींत तयार होते, हे डोळ्यांनी पाहण्याची युक्ती स्वीडनमध्येच निघाली. बेंग्ट फाल्क आणि निल्स-ऑके हिलार्प यांनी १९६२ साली असे दाखविले, की मेंदूच्या वाळविलेल्या पातळ कापास फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली आणि विशिष्ट प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहिला, तर नॉरॲड्रेनॅलिन असलेल्या पेशी हिरव्या तेजाने चमकू लागतात. दोनच वर्षांनी, १९६४ मध्ये, हिलार्प यांचे दोन तरुण विद्यार्थी अनिका डालस्ट्रम आणि शेल फुक्से यांनी या युक्तीने उंदराचा मस्तिष्कस्तंभ तपासला. अंधाऱ्या कापात हिरव्या पेशींचे लहान लहान पुंजके उजळून निघाले. त्यांत सर्वांत ठसठशीत होता तो नीलस्थानाचा पुंजका. व्हिक दाझिरने पाहिलेल्या त्या निळ्या पट्ट्याचे कोडे पावणेदोनशे वर्षांनी सुटू लागले होते. नीलस्थान हे मेंदूला नॉरॲड्रेनॅलिन पुरविणारे मुख्य केंद्र आहे, ही गोष्ट पुढील संशोधनाने निश्चित झाली.

या पेशींचे तंतू पाहून शास्त्रज्ञ चकित झाले. सामान्यतः मज्जापेशीचा तंतू एखाद्या ठरावीक ठिकाणी जातो. डोळ्याकडून येणारा संदेश दृष्टीच्या केंद्राकडे जातो, कानाकडून येणारा श्रवणाच्या केंद्राकडे. नीलस्थानातील पेशीच्या एकाच तंतूला मात्र असंख्य फाटे फुटतात आणि ते दूरदूर पसरतात. मोठा मेंदू, लहान मेंदू, स्मृतीचे केंद्र, मज्जारज्जू, अशा जवळजवळ सर्व भागांत ते पोहोचतात. शिवाय तंतूच्या टोकापर्यंत जाऊनच द्रव्य बाहेर पडते असे नाही. वाटेतही ठिकठिकाणी ते झिरपत असते. विहिरीचे पाणी पाटातून निघून वाफ्यावाफ्यांत मुरावे, तसे हे द्रव्य मेंदूत पसरते. उंदराच्या मेंदूत एका बाजूच्या नीलस्थानात सुमारे दीड हजारच पेशी असतात. तरीही त्या मेंदूच्या बहुतेक भागांस पुरतात.

नॉरॲड्रेनॅलिन पोहोचल्यावर होते तरी काय? या द्रव्याने ‘समोर साप आहे’ किंवा ‘घंटा वाजली’ अशी वार्ता कळत नाही. ती वार्ता इंद्रियांकडून यायची तशी येतच असते. नॉरॲड्रेनॅलिनमुळे ती ऐकून घेण्याची मेंदूची तयारी बदलते. त्याचे प्रमाण योग्य असेल, तर मज्जापेशींची किरकोळ बडबड दबते आणि महत्त्वाचा संदेश ठळकपणे उठून दिसतो. भरलेल्या सभेत अध्यक्षांनी ‘शांत राहा’ म्हणताच कुजबुज थांबावी आणि वक्त्याचा शब्द न् शब्द ऐकू यावा, तसा हा प्रकार आहे. भाषण अध्यक्षांनी केले नाही. पण ते ऐकू आले, हे त्यांच्यामुळे.

नीलस्थानाचे हे काम प्रत्यक्ष चालू असताना पाहता येईल काय, असा विचार अमेरिकेतील गॅरी ॲस्टन-जोन्स आणि फ्लॉइड ब्लूम यांनी केला. त्यांनी उंदरांच्या नीलस्थानातील पेशींचे विद्युत्स्पंद केसासारख्या बारीक तारांच्या साहाय्याने टिपले आणि १९८१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंदीर जागा असताना या पेशी सेकंदास एखाददुसरा स्पंद अशा संथ पण सतत लयीने काम करीत. त्यास झोप लागली, की लय मंदावे. आणि स्वप्नावस्थेसारख्या निद्रेत तर त्या जवळजवळ मूक होत. विशेष हे, की उंदीर जागा होण्याच्या किंचित आधीच त्यांची लय वाढू लागे. उंदीर स्वस्थपणे अंग चाटू लागला किंवा गोड पाणी पिऊ लागला, की ती जागेपणीही उतरे. पण तेवढ्यात एखादा अनपेक्षित आवाज झाला, की सर्व पेशी एकदम स्पंदांचा झटका देत आणि उंदीर हातचे काम टाकून त्या दिशेस वळे. गस्तीची संथ चाल आणि प्रसंगाची आरोळी, अशा दोन रीती नीलस्थानाच्या कामात आहेत, असे त्यावरून दिसून आले.

पुढे २०१० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात याहूनही स्पष्ट पुरावा मिळाला. उंदरांच्या नीलस्थानातील पेशी प्रकाशाच्या योगे हव्या तेव्हा उत्तेजित करता येतील, अशी योजना तेथील शास्त्रज्ञांनी केली. झोपलेल्या उंदराच्या या पेशींवर प्रकाश पाडताच तो काही सेकंदांतच जागा होई. उलट त्या पेशी दडपून ठेवल्या, तर उंदीर फार वेळ जागा राहू शकत नसे.

नीलस्थानाच्या कामाची एक खूण माणसाच्या चेहऱ्यावरही उमटते. ती म्हणजे डोळ्याची बाहुली. प्रखर उजेडात बाहुली लहान होते आणि अंधारात मोठी होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु उजेड तेवढाच असतानाही ती बदलते. एकहार्ड हेस आणि जेम्स पोल्ट या अमेरिकेतील संशोधकांनी १९६४ मध्ये काही व्यक्तींना तोंडी गुणाकार करावयास सांगितले आणि त्या वेळी त्यांच्या डोळ्यांची छायाचित्रे घेतली. गुणाकार जसजसा मनात पुरा होत आला, तसतशी बाहुली मोठी होत गेली. आणि उत्तर देऊन होताच ती पुन्हा लहान झाली. गणित अवघड असेल, तर हा फरकही अधिक असे. बाहुलीच्या या हालचालींचा नीलस्थानातील पेशींच्या स्पंदांशी संबंध असतो, असे २०१६ साली माकडांवरील प्रयोगांतून दिसून आले. मन लावून विचार करणाऱ्याचे डोळे निराळे दिसतात असे लोक म्हणतात, त्यात काही तथ्य आहे तर!

नॉरॲड्रेनॅलिनमुळे मन एकाग्र होत असेल, तर ते जितके अधिक तितके चांगले, असे कोणास वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. माकडांना पडद्यावरील ठरावीक खुणेवर लक्ष ठेवावयास शिकवून शास्त्रज्ञांनी त्यांच्या नीलस्थानाचे काम तपासले. पेशींची लय फार मंद असताना माकड पेंगे आणि खूण त्याच्या नजरेतून निसटे. लय मध्यम असताना ते उत्तम काम करी. योग्य खूण दिसताच पेशी जोराचा झटका देत. परंतु लय फार वाढली, की माकड अस्वस्थ होऊन इकडेतिकडे पाहू लागे आणि त्याच्या चुका वाढत. स्टॅनफर्ड येथील प्रयोगांतही पेशींस दीर्घकाळ अति वेगाने उत्तेजित केले, तेव्हा उंदीर चपळ होण्याऐवजी जागच्या जागी थिजून गेले. जो जागल्या रात्रभर विनाकारण आरडाओरडा करील, त्याच्यामुळे गाव सावध राहणार नाही. ते फक्त हैराण होईल.

परीक्षेच्या दालनात काही मुलांना असाच अनुभव येतो. आदल्या दिवशी तोंडपाठ असलेले उत्तर प्रश्नपत्रिका हाती पडताच आठवेनासे होते. घरी परतल्यावर मात्र तेच उत्तर आपोआप आठवते. अशा वेळी मुलाची बुद्धी किंवा स्मरणशक्ती नाहीशी झालेली नसते. भीतीमुळे मेंदूतील इशाऱ्याची यंत्रणा प्रमाणाबाहेर चालू झालेली असते आणि त्या गोंधळात हवी ती आठवण सापडत नाही. अशा प्रसंगी क्षणभर थांबून सावकाश श्वास घ्यावा, असा सल्ला वडीलधारी माणसे देतात. मस्तिष्कस्तंभात श्वासाची लय ठरविणारे जे केंद्र आहे, त्यातील काही पेशींचे तंतू थेट नीलस्थानाकडे जातात, असे २०१७ मध्ये उंदरांत आढळून आले. त्या थोड्या पेशी काढून टाकताच उंदीर विलक्षण शांत झाले. श्वास आणि मनाची स्वस्थता यांचा संबंध या जुन्या सल्ल्यात सांगितला जात असे. त्या संबंधाचा एक धागा अशा रीतीने शास्त्राच्या हाती आला आहे.

आता झोपेचा विचार करू. दिवसभर मेंदूस सावध ठेवणाऱ्या नीलस्थानास विश्रांती मिळते ती रात्री. गाढ झोपेत त्याची लय मंद होते. पण ती सर्वस्वी थांबत नाही. उंदरांच्या गाढ झोपेत सुमारे अर्ध्या ते पाऊण मिनिटाच्या अंतराने नॉरॲड्रेनॅलिनचे प्रमाण किंचित वाढते व पुन्हा उतरते, असे अलीकडच्या संशोधनात दिसून आले आहे. प्रमाण वर असताना आवाज झाला, तर झोप सहज मोडते; ते खाली असताना तोच आवाज ऐकूही येत नाही. निजलेल्या गावातून पहारेकऱ्याने ठरावीक वेळाने फेरी मारावी, तसेच हे नव्हे काय? स्वप्ने पडतात त्या झोपेत मात्र नीलस्थान जवळजवळ पूर्ण मूक असते. मेंदूतील बऱ्याच भागांत त्या वेळी मोठी लगबग चालू असते. तरी तेवढ्या काळापुरता जागल्या काठी टेकून बसलेला असतो.

ही विश्रांती त्यास मिळाली नाही तर? अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात २०१४ साली काही उंदरांना त्यांच्या निजण्याच्या वेळी अनेक तास जागे ठेवण्यात आले. काही दिवस हा क्रम चालल्यावर त्यांच्या नीलस्थानातील पुष्कळ पेशी मेल्याचे आढळले. उंदरांत घडले ते माणसातही जसेच्या तसे घडेल, असे म्हणता येत नाही. तथापि वाढत्या वयातील मुलांना झोप अधिक लागते, याविषयी वैद्यांत एकमत आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. झोपेच्या वेळातून चोरलेला अभ्यासाचा तास दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगण्यात व्याजासह फेडावा लागतो.

नीलस्थानाचे महत्त्व वार्धक्यातही दिसून येते. काही वृद्ध माणसे हळूहळू सर्व काही विसरू लागतात. नुकतेच जेवण झाले हे त्यांना आठवत नाही. पुढे पुढे घरातील माणसेही ओळखू येत नाहीत. अशा स्मृतिनाशाचे एक मोठे कारण असलेल्या रोगाचे वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ मध्ये प्रथम केले. या रोगात मज्जापेशींत एक प्रथिन विकृत रूपात साठत जाते. हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो मृत व्यक्तींचे मेंदू तपासून २०११ साली दाखविले, की या विकृतीच्या अगदी पहिल्या खुणा बहुधा नीलस्थानात उमटतात, आणि त्याही कधी कधी तारुण्यातच. रोगाची लक्षणे दिसावयास त्यानंतर अनेक दशके जावी लागतात. कंपवातातही नीलस्थानातील पेशी पुष्कळ प्रमाणात नष्ट होतात. म्हणूनच आता शास्त्रज्ञ जिवंत माणसाच्या मेंदूचे नीलस्थान चुंबकीय यंत्राने पाहण्याचा प्रयत्न करीत आहेत. ज्या काळसर रंगद्रव्यामुळे व्हिक दाझिरचे लक्ष या जागेकडे वेधले, त्याच द्रव्यामुळे ती या यंत्राच्या चित्रात उजळ दिसते. तिचा उजळपणा कमी झाला, तर रोगाची चाहूल लवकर लागेल, अशी आशा आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. मेंदूस जागे ठेवण्याचे काम नीलस्थान एकटे करीत नाही. मस्तिष्कस्तंभात आणि त्याच्या वरच्या भागांत अशी आणखी काही केंद्रे आहेत आणि त्यांची द्रव्येही निराळी आहेत. नीलस्थान नष्ट झालेला प्राणी कायमचा झोपी जात नाही. इतर केंद्रे त्यास जागे करतात. निसर्गाने इतके महत्त्वाचे काम एकाच्याच हाती सोपविलेले नाही. मात्र अशा प्राण्याच्या जागेपणात पूर्वीची तल्लखता राहत नाही. नवा आवाज झाला, नवी वस्तू समोर आली, तर त्याकडे झटकन वळण्याची त्याची तत्परता कमी होते.

माणसाच्या मेंदूतील ८,६०० कोटी पेशींच्या कर्तृत्वाने भाषा निर्माण झाल्या, पूल बांधले गेले, ताऱ्यांची अंतरे मोजली गेली. त्या यशाच्या यादीत नीलस्थानाच्या नावावर काही लिहिलेले नसते. तरीसुद्धा मुलाने पुस्तक उघडावे, त्याचे मन त्या पानावर स्थिर व्हावे आणि बाहेरचा कोलाहल त्यास ऐकू येऊ नये, या साध्या गोष्टीमागे त्या पन्नास हजार पेशींचे श्रम असतात. त्या पेशींना भलतीच घाई लावू नये आणि रात्री त्यांना पुरते निजू द्यावे, एवढीच त्यांची माणसाकडून अपेक्षा आहे.